गाड्यांच्या रस्त्यावर सायकल : वेगाचं गणित, हँडलची सवय आणि जीव वाचवणारे नियम

ऊस हंगाम सुरू झाला की तालुक्याच्या रस्त्यांचं रूपच बदलतं. पहाटेपासून ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे ट्रक, बैलगाड्या, एसटी, दुधाचे टेम्पो आणि मधूनच भरधाव निघून जाणाऱ्या कार. याच रस्त्यावरून आठवी-नववीच्या मुली दप्तर कॅरियरला लावून शाळेत जातात, मजूर कामावर जातात आणि दूधवाले कॅन घेऊन डेअरी गाठतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरजू मुलींना सायकली मिळतात. त्यामुळे पाच किलोमीटरवरची शाळा अनेकींच्या आवाक्यात आली. पण सायकल मिळाली तरी रस्ता तोच राहिला.

त्या रस्त्यावर सायकलवाला सगळ्यात हळू आणि सगळ्यात हलका. चूक कुणाचीही असो, लागतं त्यालाच. म्हणून घरोघरी एकच गोष्ट सांगितली जाते, "कडेकडेने जा, म्हणजे काही होत नाही." हे अर्धंच खरं आहे. डाव्या बाजूने जायचं हे बरोबर, पण डांबराच्या अगदी काठाला चिकटून जाणं धोक्याचं. सायकलवाल्याला वाचवणाऱ्या गोष्टी तीन : तो लांबून दिसला पाहिजे, तो सरळ रेषेत चालला पाहिजे आणि तो पुढे काय करणार हे मागच्या ड्रायव्हरला आधी कळलं पाहिजे. बाकीचे सगळे नियम या तीन गोष्टींतून निघतात.

वेगाचं गणित आधी समजून घ्या

साधी सायकल सपाट रस्त्यावर ताशी १२ ते १५ किलोमीटरने चालते. म्हणजे एका सेकंदात साधारण ४ मीटर. ताशी ६० च्या वेगाने येणारी कार एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते आणि ८० ने येणारी २२ मीटर. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी नसलेल्या साध्या रस्त्यांवर कारला कमाल ७० चा वेग आहे. मोटारसायकल आणि मालवाहू गाडीला ६०. प्रत्यक्षात मोकळा रस्ता दिसला की काटा कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता असं समजा, की सायकल १५ ने चालली आहे आणि मागून १०० मीटरवर ६० च्या वेगाने कार आली. दोघांच्या वेगातला फरक ४५ चा. ती कार सायकलला ८ सेकंदांत गाठते. कारचा वेग ८० असेल तर साडेपाच सेकंदांत. एवढ्या वेळात ड्रायव्हरने सायकल पाहायची, समोरून कुणी येतंय का बघायचं आणि वेग कमी करायचा की बाजूने जायचं हे ठरवायचं. सायकल दिसली असेल आणि सरळ चालली असेल तर हा वेळ पुरतो. ती ऐनवेळी आडवी आली तर पुरत नाही.

ब्रेक मारला म्हणून गाडी जागच्या जागी उभी राहत नाही. डोळ्यांना दिसणं, मेंदूला कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यातच सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्यात ६० च्या वेगातली कार २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २३-२५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटरच्या आसपास. ८० ला हे अंतर ७५ मीटरच्या घरात जातं. ४० ला मात्र २७-२८ मीटर पुरतात. भरलेली ट्रॉली किंवा ट्रक असेल तर अंतर याहून जास्त. ओल्या रस्त्यावर तर आणखी वाढतं.

सायकललाही हेच लागू आहे. १५ च्या वेगात चांगल्या ब्रेकची सायकल ९-१० मीटरमध्ये थांबते. घाटाच्या किंवा पुलाच्या उतारावर वेग ३० वर गेला की तिलाच २४-२५ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून उतारावर पेडल मारणं बंद करून आधीपासूनच हळूहळू ब्रेक धरत जावं. "उतार आहे, सोडून दे" ही गंमत महागात पडते.

रस्त्यावर सायकलची जागा कोणती?

गावाकडचा एकपदरी रस्ता पावणेचार मीटर रुंद असतो. त्याहून मोठा साडेपाच मीटरचा आणि दुपदरी सात मीटरचा. एसटी किंवा ट्रक सुमारे अडीच मीटर रुंद. सायकलचं हँडल साधारण दोन फुटांचं. आता हिशेब करा. एकपदरी रस्त्यावर एसटी आणि सायकल शेजारी-शेजारी आली तर दोन फुटांच्या आसपास जागा उरते. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर समोरून ट्रक आणि मागून ट्रॉली एकाच वेळी आली तर अर्धा मीटर उरतो, त्यात सायकल मावतच नाही.

यातून दोन नियम निघतात.

पहिला : रस्ता मोकळा असताना किंवा मागून एकटी गाडी येत असताना डांबराच्या काठापासून दोन-अडीच फूट आत चालवावं. सायकल कधीच दोरीसारखी सरळ जात नाही, वीतभर इकडे-तिकडे होतेच. काठालगत ही वीतभर जागा नसते. शिवाय तिथेच खडी, काचा, बाभळीचे काटे आणि उखडलेलं डांबर असतं. ते चुकवायला सायकलवाला ऐनवेळी उजवीकडे येतो आणि तोच क्षण घातक ठरतो. आत चालवणारा सायकलवाला ड्रायव्हरला लवकर दिसतो. त्याच्यामुळे ड्रायव्हरला स्टिअरिंग थोडं वळवावं लागतं, त्यामुळे अंतर राखलं जातं. अगदी काठावर चालवणाऱ्याला मात्र ड्रायव्हर वेग कमी न करता अंगाला घासून पुढे काढतो.

दुसरा : समोरून मोठं वाहन आणि मागूनही मोठं वाहन येत असेल तर हट्ट करू नये. आधीच वेग कमी करावा, सायकल साइडपट्टीवर घ्यावी आणि खाली उतरून थांबावं. यात कमीपणा कसला? रस्त्यावर हक्क सायकलचाही आहे, पण जिथे जागाच नाही तिथे हक्क उपयोगी पडत नाही.

साइडपट्टीवर उतरताना आणखी एक धोका असतो. अनेक ठिकाणी डांबर वर आणि मुरूम खाली, मध्ये तीन-चार इंचांची पायरी. या पायरीला चाक समांतर घासलं की हँडल आपोआप वळतं आणि माणूस रस्त्याच्या बाजूला पडतो. म्हणून खाली उतरताना वेग कमी करून तिरकं उतरावं. परत वर येताना चालत्या सायकलवर प्रयत्नच करू नये. थांबून, मागे पाहून, सायकल हाताने उचलून वर घ्यावी.

उलट्या बाजूने सायकल नकोच

"समोरची गाडी दिसते, म्हणून उजवीकडून जातो," असं बरेच जण सांगतात. पायी चालणाऱ्यासाठी हे ठीक आहे. समोर वाहन दिसलं की तो एका पावलात रस्त्याबाहेर होतो. सायकलला ते जमत नाही. शिवाय गणित उलटं होतं. मागून ६० ने येणाऱ्या कारला सायकल गाठायला ८ सेकंद मिळत होते. तीच कार समोरून आली तर दोघांचे वेग एकत्र होतात आणि १०० मीटरचं अंतर पाच सेकंदांच्या आत संपतं. धडक झाली तर तीही दोन्ही वेगांची.

दुसरं कारण फाट्यावरचं आहे. वस्तीच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागणारा मोटारसायकलवाला डावीकडे वळताना उजवीकडेच बघतो, कारण वाहनं तिकडून येतात. उलट्या बाजूने आलेली सायकल त्याच्या ध्यानीमनी नसते. शाळा रस्त्याच्या उजव्या अंगाला असली तरी डाव्या बाजूनेच जावं आणि शाळेसमोर उतरून रस्ता ओलांडावा.

सायकल हाताळण्याच्या सवयी

मागे पाहणं : सायकलवरून मान मागे वळवली की हँडलही त्याच बाजूला वळतं. बहुतेकांना हे कळतही नाही. मोकळ्या मैदानात किंवा खळ्यावर चुन्याची सरळ रेघ मारून तिच्यावरून सायकल चालवत मागे बघण्याचा सराव करावा. मागे उभ्या असलेल्या माणसाने किती बोटं दाखवली ते सांगायचं आणि चाक रेघेवरच ठेवायचं. लहान मुलांना हा खेळ आवडतो. रस्त्यावर सोडण्याआधी हे जमलंच पाहिजे.

हात दाखवणं : वळण्याच्या २०-३० मीटर आधी मागे बघावं, मग ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा हात सरळ बाहेर काढावा आणि वळण्याआधी दोन्ही हात पुन्हा हँडलवर आणावेत. हात दाखवला म्हणजे रस्ता आपला झाला असं नाही. मागचा थांबला की नाही ते पाहूनच वळावं.

उजवीकडे वळणं : सायकलचे सगळ्यात धोक्याचे क्षण यातच. चालत्या रहदारीत मधोमध जाऊन थांबणं शाळेच्या मुलांना आणि नवख्यांना जमणार नाही. त्यांच्यासाठी सोपी रीत अशी : फाटा आला की डाव्या कडेला उतरायचं, दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा आहे हे बघायचं आणि सायकल हातात धरून चालत सरळ ओलांडायचं. पाच-दहा मिनिटांचा नाही, अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे.

ब्रेक : बहुतेक सायकलींचा उजव्या हातातला ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हातातला मागच्या चाकाचा असतो. आपल्या सायकलचं एकदा तपासून घ्यावं. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतं, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा दाबला तर चाक घसरतं आणि सायकल लवकर थांबत नाही. नुसता पुढचा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. दोन्ही एकदम, पण हळूहळू जोर वाढवत दाबावेत. खडी, वाळू किंवा चिखलावर पुढचा ब्रेक अगदी हलका ठेवावा आणि वळताना तर टाळावाच. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी.

खड्डा : नजर चाकापुढे नको, १५-२० मीटर पुढे हवी. खड्डा लांबून दिसला तर सायकल हळूहळू बाजूला घेता येते. अंगाशी आल्यावर दिसला तर एकदम वळू नये. वेग कमी करून, सीटवरून थोडं उठून, हँडल सैलसर पण दोन्ही हातांनी धरून खड्ड्यातून सरळ जावं. रिम वाकली तर दुकानात सरळ होते.

ओझं : हँडलला पिशवी, कळशी किंवा डबा अडकवला की हँडल एका बाजूला ओढतं आणि पिशवी स्पोकमध्ये जाण्याची भीती वेगळीच. ओझं मागे कॅरियरवर, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं असावं. एकाच बाजूला दुधाचा भरलेला कॅन लावून सायकल सरळ चालत नाही. वैरणीचा भारा आडवा बांधला तर सायकलची रुंदी दुपटीने वाढते, हे मागच्या ड्रायव्हरला दिसलं तरी सायकलवाल्याच्या लक्षात राहत नाही. ओझं असताना थांबायला जास्त अंतर लागतं. डबलसीट बसवलेलं माणूसही ओझंच आहे. त्यातही मागे बसलेल्याच्या ओढणीकडे, साडीच्या पदराकडे आणि पायांकडे लक्ष हवं.

कान आणि हात : कानात इअरफोन नको. मागून येणारी गाडी सायकलवाल्याला दिसण्याआधी ऐकू येते. इलेक्ट्रिक गाड्यांचा आवाज कमी असतो, म्हणून नुसत्या कानावरही विसंबू नये. मोबाईल वाजला तर उतरून, रस्त्याबाहेर उभं राहून बोलावं.

दोघी-तिघी मैत्रिणी : गप्पा मारत शेजारी-शेजारी जाणं शिवारातल्या वाटेवर ठीक आहे. मोठ्या रस्त्यावर एकामागे एक जावं आणि दोन सायकलींमध्ये किमान दोन सायकलींइतकं अंतर ठेवावं. अगदी चाकाला चाक लावून गेलं तर पुढचीने ब्रेक दाबताच मागची पडते.

ट्रॉली, ट्रक आणि एसटीजवळ

मोठ्या वाहनाच्या ड्रायव्हरला आरशात सगळं दिसतं हा गैरसमज आहे. त्याच्या डाव्या अंगाला, केबिनच्या अगदी पुढे आणि वाहनाच्या पाठीमागे बराच भाग दिसतच नाही. साधा नियम असा : ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला त्याच्या आरशात दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही.

ट्रॉली किंवा लांब ट्रक वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. दोन ट्रॉल्या असतील तर दुसरी अजून आत येते. फाट्यावर डावीकडे वळणाऱ्या ट्रॉलीच्या डावीकडून सायकल घातली तर सायकलवाला मागच्या चाकाखाली सापडतो. म्हणून फाटा, कारखान्याचं गेट आणि वजनकाट्याजवळ ट्रॉलीच्या मागेच थांबावं. डाव्या फटीतून कधीही पुढे जाऊ नये.

ट्रॉलीचा दांडा धरून किंवा मागच्या साखळीला हात लावून सायकल ओढत नेण्याची सवय काही मुलांना असते. ट्रॉलीने गचका खाल्ला की हात सुटतो आणि मागून येणाऱ्या गाडीला थांबायला वाव नसतो. हे घरच्यांनी स्पष्ट शब्दांत बंद करायला हवं. रस्त्यावर पडलेला ऊस उचलायला अचानक थांबणंही तितकंच वाईट.

मोठं वाहन वेगाने शेजारून जातं तेव्हा आधी वाऱ्याचा धक्का बाहेरच्या बाजूला बसतो आणि वाहन पुढे गेल्यावर सायकल आत ओढल्यासारखी होते. हँडल घट्ट पण ताठरून न जाता धरावं, कोपर थोडे वाकलेले ठेवावेत आणि त्या दोन-तीन सेकंदांत दुसरं काहीही करू नये.

थांब्यावर एसटी उभी असेल तर डावीकडून जाऊ नये, प्रवासी उतरत असतात. उजवीकडून जायचं तर आधी मागे बघावं. शक्यतो एसटी निघेपर्यंत मागे थांबावं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कार किंवा जीपजवळून जाताना दार उघडलं तरी लागणार नाही इतकं, म्हणजे तीन-चार फूट अंतर सोडावं.

सुगीत रस्त्यावर सोयाबीन, मका किंवा ज्वारी वाळत घातलेली असते. अशा ठिकाणी रस्ता निम्माच उरतो, गाड्या एकदम बाजूला येतात आणि दाण्यांवरून सायकल घसरते. तिथे उतरून चालत जाणं बरं. धान्य वाळवणाऱ्यांनीही वळणावर आणि चढावर रस्ता अडवू नये.

संध्याकाळ, धुकं आणि पाऊस

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जादा तास करून निघालेली मुलं आणि कामावरून परतणारी माणसं अंधारातच रस्त्यावर असतात. कारचा दिवा डिपरवर असताना गडद कपड्यांतला सायकलवाला ड्रायव्हरला बऱ्याचदा ३० मीटरच्या आतच दिसतो. ६० च्या वेगात त्याच्या हाती उरतात सुमारे अडीच सेकंद, त्यातला दीड सेकंद पाय ब्रेकवर जाण्यातच जातो. समोरून अपर लाइट मारत दुसरी गाडी आली तर तेवढंही दिसत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, पेडलला पिवळे रिफ्लेक्टर आणि दोन्ही चाकांच्या स्पोकमध्ये एकेक रिफ्लेक्टर. गाडीच्या दिव्यात हे शंभर मीटरपेक्षा लांबून चमकतात. पेडलचे रिफ्लेक्टर वर-खाली हलतात, म्हणून ही सायकल आहे हे ड्रायव्हरला लगेच ओळखू येतं. पण रिफ्लेक्टरवर प्रकाश पडला तरच तो चमकतो. त्यामुळे मागे सेलवर चालणारा लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा असेल तर उत्तम. पुढचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्यावर पडेल असा खाली वळवावा. दप्तरावर, कॅनवर आणि मडगार्डवर चमकणारी पट्टी चिकटवावी. धुळीने झाकलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखाच, तो आठवड्यातून एकदा पुसावा. अंगावर पांढरं किंवा पिवळं काही असलं तर बरं.

सकाळी आणि संध्याकाळी सूर्य समोर असताना ड्रायव्हरचे डोळे दिपतात. आपली सावली लांबवर आपल्या पुढे पडली असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन आहे असं समजावं. सावली मागे पडली असेल तर मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन आहे. अशा वेळी मागची गाडी आपल्याला पाहतेय असं धरून चालू नये.

पावसात लोखंडी, चकचकीत रिमवर ब्रेकचे रबर नीट पकडत नाहीत. रिम ओली असताना पहिली दोन-तीन चक्कर ब्रेक लागतच नाही असं वाटतं. म्हणून थांबायचं असेल त्याच्या बरंच आधी ब्रेक हलका धरून रिम पुसून घ्यावी, मग जोर लावावा. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून घसरडं होतं. शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलाच्या लोखंडी पट्ट्या आणि ओढ्यावरच्या फरशीचं शेवाळ, या चारही ठिकाणी वळू नये आणि ब्रेक दाबू नये, सरळ जावं. फाटकाचे रूळ काटकोनात ओलांडावेत, तिरकं चाक रुळाच्या फटीत अडकतं. फरशीवरून पाणी वाहत असेल तर सायकल घालूच नये. एका हातात छत्री आणि एका हातात हँडल हा प्रकारही बंद करावा. रेनकोट नसेल तर इरलं किंवा प्लास्टिकचं खोळ बरं.

दर रविवारी दहा मिनिटं

सायकल दुरुस्तीला टाकायची वेळ येऊ नये म्हणून घरीच एवढं बघावं :

– पुढचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेक दाबा, चाक लगेच थांबलं पाहिजे. मागच्याचंही तसंच. ब्रेकचे रबर झिजून गुळगुळीत झाले असतील तर बदला.
– टायर अंगठ्याने दाबून बघा. हवा कमी असेल तर सायकल जड चालते आणि वळताना लोळते.
– हँडल सरळ आहे का? पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवा, हललं तर नट आवळा.
– चेन फार सैल नको. मध्ये बोटाने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच हलली की ठीक. थोडं तेल द्या, जास्त नको.
– घंटी वाजते का? रिफ्लेक्टर जागेवर आहेत का?
– सीटची उंची : बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. मोठ्या भावाची सायकल लहानग्याला देताना सीट खाली घ्यायला विसरू नका.

सायकलवर हेल्मेट घालण्याची कायद्याने सक्ती नाही. पण डोकं डांबरावर आपटलं की काय होतं हे कायद्याला विचारून ठरत नाही. मोठ्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या मुलांना सायकलचं हलकं हेल्मेट घेऊन द्यावं आणि हनुवटीखालचा पट्टा बांधायला लावावा.

गाडी चालवणाऱ्यांनीही हे वाचावं

गावातल्या घरटी कुणी ना कुणी मोटारसायकल, जीप किंवा ट्रॅक्टर चालवतोच. सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर, म्हणजे पाच फूट अंतर ठेवावं. जर्मनी आणि फ्रान्समध्ये हे अंतर कायद्यातच आहे : वस्तीबाहेर फ्रान्समध्ये दीड मीटर आणि जर्मनीत दोन मीटर. आपल्याकडे अरुंद रस्त्यावर तेवढी जागा नसेल तर अर्थ एकच, सायकलमागे चार सेकंद थांबायचं. अगदी पाठीशी येऊन हॉर्न दाबला तर सायकलवाला दचकतो आणि नेमका आडवा येतो. हॉर्न लांबून, हलका द्यावा. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी लावावी. रात्री बंद पडलेली ट्रॉली दिव्याविना रस्त्यात सोडू नये, तिच्यावर सायकल, मोटारसायकल सगळेच आदळतात.

ग्रामपंचायत आणि शाळा काय करू शकतात?

रस्ता कुणाचा हे आधी बघावं. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. खचलेली साइडपट्टी भरणं, वळणावरची झुडपं तोडणं, शाळेसमोर गतिरोधक व फलक आणि गतिरोधकावर पांढरे पट्टे, यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि जागेचे फोटो जोडून त्या कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पायी चालणारे आणि सायकलवाले गाड्यांच्या सोबत चालतात तिथे कमाल वेग ३० ठेवावा असं म्हटलं आहे. शाळेसमोरच्या दोनशे मीटरसाठी तरी ही मागणी कुठलंही गाव करू शकतं. हंगामात शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रॉल्या अर्धा तास थांबवण्याबाबत कारखान्याशी आणि वाहतूकदारांशी बोलून ठेवता येतं.

अपघात झालाच तर

– जखमीला एकदम उचलून बसवू नका. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलवू नका, फक्त मागून येणारी वाहनं अडवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा.
– १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही क्रमांक आहे.
– धडक देणाऱ्या वाहनाचा नंबर आणि जागेचे फोटो घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे.
– मदत करणाऱ्याने घाबरू नये. कलम १३४-अ नुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.
– मे २०२५ पासून लागू असलेल्या केंद्राच्या योजनेत मोटार वाहनामुळे जखमी झालेल्याला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. सायकलस्वारालाही ते लागू आहे.
– धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.
– वाहन सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून "बघू पुढे" असं करू नये.
– जखमी किंवा मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातली असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जावं. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. विद्यार्थ्यांसाठीही राज्याची अपघात सानुग्रह योजना आहे, तिची विचारणा शाळेत करावी.
– या सगळ्याला पोलीस पंचनामा, एफआयआर आणि रुग्णालयाची कागदपत्रं लागतात. "आपसात मिटवू" म्हणून जागेवरच हजार-दोन हजार घेऊन घरी गेलं आणि रात्री दुखणं वाढलं, तर नंतर हातात काही राहत नाही.

मुलांना सायकल देणाऱ्या पालकांनी एक दिवस वेळ काढावा. मुलाच्या मागे दुसरी सायकल घेऊन शाळेपर्यंत जावं आणि यावं. कुठे साइडपट्टी खचली आहे, कोणत्या फाट्यावर ट्रॉल्या वळतात, कुठे उतरून ओलांडायचं, हे त्याच्यासोबत ठरवून घ्यावं. पावसाळा सुरू झाला की पुन्हा एकदा जावं आणि कारखाना पेटला की आणखी एकदा.